सुखतळा

काणकोणच्या चावडीत, बंद शिलाई मशीनवर
लुद्विनने माझी पिशवी उलटी केली.
दोन टॉवेल, विजेरी, छत्री, जाडजूड पुस्तक,
बायकोने दिलेला लाडवांचा डबा.
"हे कोण वाहणार? तुझा मेव्हणा?"
निम्मं सामान बाकावर गेलं.
डबा त्याने उघडला, वास घेतला,
झाकण पुन्हा लावलं.

मग कापड बेतावं तसा तो भरू लागला.
सुती मोज्यांचे तीन जोड. उलटे घाल,
शिवण बाहेर. चावते ती शिवणच, शिंप्याला विचार.
सुई. पांढरा दोरा,
रंगीत दोऱ्याचा रंग जखमेत उतरतो.
भिरंडेलाचा गोळा केळीच्या पानात, टाचांसाठी.
फेणीची चपटी बाटली. "फोडाला. तोंडाला नव्हे.
मास्तर आहेस म्हणून सांगावं लागतं."
आणि जुनं वर्तमानपत्र,
दवाने भिजलेल्या बुटांत रात्री कोंबायला.
नखं बघून चुकचुकला:
ही चार दिवस आधी कापायची, सरळ, कोपरे न कोरता.
आता राहू दे.

बावीस वर्षं तो चालला, नोव्हेनाच्या दिवसांत,
करमल घाट अंधारात चढून जुन्या गोव्यापर्यंत.
यंदा डाव्या पायाची दोन बोटं
मडगावच्या इस्पितळात राहिली.
खडा होता म्हणे. कुंकळ्ळीपासून नुव्यापर्यंत बुटात होता.
साखरेच्या माणसाला पाय काही कळवत नाही.
"तुला कळेल. कळलं की थांब.
पुढचे जाऊ देत पुढे. सायब काय पळून जातोय?"

मी नवसाचा माणूस नव्हे, हे त्याला ठाऊक आहे.
का जातोस, असं त्याने विचारलं नाही.
बरं झालं.

शेवटी आपल्या जुन्या बुटातून
त्याने डावा सुखतळा उपसला.
काळपट, घामाने ताठ झालेला,
वर पाच बोटांचे पाच खळगे.
खडूने रेघ मारून माझ्या मापाला कडा कातरली.
बोटांकडे कात्री नेली नाही.

घाटात धुकं होतं. बाळ्ळीला कुणी पेज दिली,
मीठ जास्त, पण दिली.
पुढे एक बाई जपमाळ ओढत अनवाणी चालली होती
आणि मी तिच्या टाचा मोजत होतो, दुसरं काय करणार.
वेर्ण्याच्या पठारावर डाव्या चवड्याखाली
आधी ऊब, मग जाळ.
माझी बोटं त्याच्या खळग्यांत बसत नव्हती.

दोन किलोमीटर नुसता लाजेने चाललो.
मग एका मोरीवर बसून बूट काढला,
सुखतळा काढला,
सुई ओवली, फोडात दोरा ठेवला,
फेणी ओतली.
तेव्हा तोंडून एका देवाचं नाव निघालं,
कुठल्या, ते आता सांगता येणार नाही.

जुवारीचा पूल ट्रकांखाली थरथरत होता.
सुखतळा सदऱ्याच्या आत, पोटाशी.

जुन्या गोव्यात रांगेबाहेर
मेणाचे पाय विकायला मांडले होते,
डावे, उजवे,
सगळे पाचही बोटांचे.
मी किंमत विचारली.
थोडं पुढे जाऊन परत आलो,
पुन्हा विचारली.

कदंबाच्या बसने उतरलो तेव्हा लुद्विन
कुणाच्या तरी लग्नाची पँट आखूड करत होता.
गर्दी किती, सायब दिसला का, काही नाही.
"पाय दाखव."
मशीनच्या फळीवर पाय ठेवला.
चष्मा कपाळावर सरकवून तो वाकला,
लोंबणाऱ्या दोऱ्याला फुंकर घातली.
"ओढू नकोस. आपोआप पडेल. खडा?"
"नाही. तुझा सुखतळा."
जरा थांबला.
"काढलास ना पण?"
"काढला."
"मग झालं," म्हणाला,
आणि उजव्या पायाने
मशीन पुन्हा चालू केलं.